पर्समधली गोळ्यांची पट्टी

चौतीस वर्षांच्या नोकरीत तपासलेले बरेचसे गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्यातला, हे बायकोला सांगताना माझीच गल्लत होते. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं उभं राहतं, आणि उभं राहिलं की माझा मलाच राग येतो. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं. नवी मुंबईत खाडीच्या बाजूच्या एका ठाण्यात मी पोलीस निरीक्षक होतो. नाव कुणाचंच देत नाही. त्यातली माणसं अजून दिवाळे गावात राहतात आणि रोज एकमेकांची तोंडं पाहतात.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडे बाईचा आवाज होता.

"नाव नाही सांगणार. नेरूळच्या हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारी बेशुद्ध आहे, दिवाळ्याची. तिच्या सुनेची पर्स बघा. आत्ता बघा, नाहीतर ती फेकून देईल."

फोन बंद. निनावी फोन करणारा माणूस बहुतेक वेळा घरातलाच असतो, हा माझा अनुभव. लांबच्या माणसाला कुणाच्या पर्समध्ये काय आहे ते कुठून ठाऊक असणार? पण नाव लपवणारा खोटंच बोलतो असंही नाही. स्टेशन डायरीत नोंद केली, महिला हवालदार बरोबर घेतली आणि निघालो.

हॉस्पिटलने तोवर आम्हाला कळवायचा कागद तयार केलाच होता. म्हातारी पासष्टीची, मासळी विकणारी. आदल्या दिवशी सकाळी धक्क्यावरच्या ओल्या पायऱ्यांवर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं, म्हणून रात्रीपासून तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही असं सांगितलेलं. पहाटे तिला दरदरून घाम फुटला, फिट आली आणि शुद्ध गेली. रक्तातली साखर पार तळाला गेली होती.

सून दाराशी बाकड्यावर बसली होती. तिशीची, सडपातळ, कालच्याच साडीत. हवालदारणीने पर्स मागितली तेव्हा तिने काही न विचारता पुढे केली. दोन पंचांसमोर पर्स उघडली. त्यात साखर उतरवणाऱ्या गोळ्यांची पट्टी निघाली. दोन गोळ्या कमी.

तेवढ्यात म्हातारीची मुलगी, म्हणजे हिची नणंद, पुढे आली. सीवूड्सला फ्लॅटमध्ये राहते, खाजगी कंपनीत नोकरी.

"साहेब, माझ्या आईला शुगर नाहीच आहे. कधीच नव्हती. सरळ केस आहे ही. हिला आई नकोच आहे."

आवाज ओळखायला मला दोन वाक्यंही लागली नाहीत. सकाळचा फोन तिचाच होता.

सुनेचं म्हणणं असं, की नर्सने सांगितलं म्हणून तिने खालच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या. एक संध्याकाळी दिली, एक पहाटे. नर्स म्हणाली, "संध्याकाळची द्यायला सांगितलं. सकाळची बंद ठेवा असं मी स्पष्ट बोलले होते." सून म्हणाली, "नाय बोलल्या." दोघींपैकी कुणाकडेच साक्षीदार नव्हता. मी डॉक्टरांना विचारलं, शुगर नसलेल्या बाईला या गोळ्या लिहिल्याच कशा?

तरुण डॉक्टर होते. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. म्हणाले, आता प्रत्येक पेशंटचं आरोग्य खातं असतं, त्याचं कार्ड असतं आणि कार्डावर एक नंबर असतो. पेशंट एका हॉस्पिटलमधून दुसऱ्यात गेला की जुने कागद त्या नंबरावर आपोआप समोर येतात. फाइल घेऊन हिंडायला नको. फक्त पेशंटची संमती लागते, आणि ती मोबाइलवर आलेला आकडा सांगून द्यायची असते. या म्हातारीचा नंबर टाकला तर बेलापूरकडच्या दुसऱ्या एका हॉस्पिटलमधले दोन वर्षांचे कागद आले. मधुमेह. याच गोळ्या. दर महिन्या-दीड महिन्याने तपासणी. आल्यावर साखर थोडी चढलेली होतीच, पण हाड मोडल्यावर ती कुणाचीही चढते. त्यांनी कागद पाहून 'नेहमीच्या गोळ्या चालू' असं लिहून टाकलं.

"आई त्या हॉस्पिटलची पायरी चढलेली नाही," नणंद ठासून म्हणाली.

मग ते कागद आले कुठून? खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा, हे मी विचारलं. तो सुनेचा होता.

तिचा मोबाइल ताब्यात घेतला आणि पंचनाम्यात नोंदवला. दोन वर्षांतले ते आकड्यांचे मेसेज त्यात एकाखाली एक पडलेले होते. तारखा दुसऱ्या हॉस्पिटलच्या भेटींशी तंतोतंत जुळत होत्या. मी मनात गणित मांडून मोकळा झालो. मुलगा जहाजावर खलाशी, आठ-आठ महिने घरी नाही. घरात दोघीच. म्हातारीच्या नावावर सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांतला भूखंड, आणि तिने त्यात मुलीलाही हिस्सा देईन असं चारचौघांत बोलून दाखवलेलं. म्हणजे सुनेने दोन वर्षं आधीपासून सासूच्या नावावर खोटा आजार तयार केला आणि संधी मिळताच खऱ्या गोळ्या दिल्या. ठाण्यात ही कथा सांगितल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ती फार आवडली होती, हे कबूल करतो.

तीन दिवस मी दिवाळ्याला तिच्या घरी जात होतो. बाईचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो, म्हणून हवालदारीण बरोबर. ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत मी, समोर लादीवर ती. बाहेर वलांडीवर बोंबील सुकत घातलेले आणि कामाचं निमित्त काढून येरझाऱ्या घालणाऱ्या शेजारणी. पोलीस गाडी तीन दिवस एका दारात उभी राहिली की गावाला निकाल वेगळा सांगावा लागत नाही.

"हे मेसेज तुमच्या मोबाइलवर आले. बरोबर?"

"हो."

"मग हे आकडे कुणाला सांगितले?"

"आईंना. त्या बाजारातून फोन करायच्या. बोलायच्या, बघ गो, आकडा आलाय काय. मी सांगायची."

"कशाचा आकडा, ते विचारलं नाही कधी?"

"साहेब, गॅसचा येतो, रेशनचा येतो, बँकेचा येतो. त्यांना वाचता येत नाय. मी वाचून सांगते. सगळ्या घरात असंच हाय."

"आणि शुगर आहे असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात?"

 ती म्हणाली, "मना वाटलं, असंल. मना सांगितलं नसंल. त्या मना कुठं काय सांगतात?"

हे उत्तर मी खोटं म्हणून लिहून घेतलं. इतकं साधं उत्तर खरं असेल असं मला वाटलंच नाही. आमच्या धंद्यात माणूस अडखळला तर आम्ही संशय घेतो, आणि अडखळला नाही तर जास्त संशय घेतो. समोरच्याने नेमकं करायचं तरी काय?

तिसऱ्या दिवशी म्हातारी नीट शुद्धीवर आली. डॉक्टरांची लेखी परवानगी घेऊन मी पलंगापाशी गेलो. नणंद उशाशी होती, तिला बाहेर पाठवलं. मी मुद्द्याचंच विचारलं.

"आजी, तुम्ही बेलापूरकडच्या त्या हॉस्पिटलमध्ये कधी गेला होता?"

"नाय."

"सुनेला फोन करून आकडा विचारत होता?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

"नाय. मी कनाला आकडा विचारू?"

ते ऐकून माझं समाधान झालं. म्हातारी तोंड फिरवून बोलली, हे मला दिसलं होतं. पण जे दिसलं त्याचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. सुनेने मारायचा प्रयत्न केला, म्हणून बिचारीला बोलताना त्रास होतोय, असा. ठाण्यात येऊन खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावायची तयारी सुरू केली. सुनेला सोमवारी ताब्यात घ्यायचं ठरलं. तिच्या नवऱ्याला जहाजावर निरोप गेला होता. त्याचं उत्तर आलं, 'चौकशी होऊन जाऊ दे.' बायकोसाठी त्याच्याकडे एवढंच वाक्य होतं. मोबाइल आमच्याकडे असल्यामुळे ते वाक्य मीच तिला वाचून दाखवलं. तिने ते दोनदा वाचायला लावलं.

आता तपासाला वळण लागलं ते माझ्या हुशारीने नाही. शनिवारी मी हॉस्पिटलमध्ये कागदांच्या सही-शिक्क्याच्या प्रती घ्यायला गेलो. प्रयोगशाळेच्या प्रमुख एक पोक्त बाई होत्या. चष्मा नाकावर आणि बोलणं तोडून. त्या एकेक पान शिक्का मारून माझ्याकडे सरकवत होत्या. एका पानावर त्यांचा हात थांबला. त्यांनी मागचं पान पुन्हा उचललं.

"साहेब, हे दोन पेशंटचे कागद आहेत तुमच्याकडे."

"नाही मॅडम, एकाच बाईचे. नंबर बघा, एकच आहे."

"नंबर एक असेल हो. रक्तगट दोन आहेत. त्या हॉस्पिटलचा ओ, आमचा बी. आम्ही ऑपरेशनसाठी स्वतः काढलाय, दोनदा. साखर वरखाली होते, वजन होतं. रक्तगट बदलत नाही माणसाचा."

"मग हे डॉक्टरांना दिसलं नाही?"

"बाहेरून आलेले कागद एका खिडकीत उघडतात, आमचे रिपोर्ट दुसऱ्या. दोन्ही एकदम कोण बघतो? सगळ्यांना वाटतं, मशीनने जुळवलेत म्हणजे जुळलेच."

मी तिथेच खुर्ची ओढून बसलो. म्हणजे कागद खोटे नव्हते. कुणातरी खऱ्या बाईला खरा मधुमेह होता, आणि ती दोन वर्षं म्हातारीच्या नावाने औषध घेत होती. एवढं कळूनही माझी गाडी त्याच रुळावर. सुनेनेच कुणालातरी उभं केलं असणार! तिची आई असेल. मी तडक दिवाळ्याला गेलो आणि दारातूनच विचारलं, "तुमच्या आईचा रक्तगट कोणता?"

ती चूल पुसत होती. हात तसाच राहिला.

"मी सहा वर्षांची होते तवा गेली आई. म्हाईत नाय, साहेब."

हवालदारीण माझ्याकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसली. तिची आणि माझी बारा वर्षांची ओळख. परतताना एवढंच म्हणाली, "साहेब, म्हातारी त्या तारखांना कुठे होती, ते तरी बघायचं का आपण?"

किती साधा प्रश्न. आम्ही इतके दिवस सून कुठे होती ते शोधत होतो.

रविवारी सकाळी आम्ही दोघं साध्या कपड्यांत मासळी बाजारात गेलो. म्हातारीची बसायची जागा शोधून काढली. ओट्यावर सुरमई, मांदेली आणि कोलंबीचे वाटे लावलेले, आणि मागे एक बाई बसलेली. साठीची, सावळी, अंगाने भरलेली. म्हातारी तर काटकुळी. मी चौकशी करण्यासाठी म्हातारीचं नाव घेतलं. "अमुक बाई इथेच बसतात ना?" असं विचारणार होतो. नाव घेतलं आणि पुढचं तोंडात राहिलं.

"काय पायजे? मीच ती," बाई म्हणाली. माझ्याकडे न बघता, कोयत्याची धार पुसत.

ओट्याच्या कोपऱ्यात खिळ्याला प्लास्टिकच्या पाकिटात बाजाराचा पास टांगलेला होता. नाव म्हातारीचं. फोटो पाण्याने पार विटलेला, डोक्यावरचा पदर तेवढा दिसत होता.

हवालदारीण तिच्याशेजारी जाऊन बसली आणि आपण कोण ते हळू आवाजात सांगितलं. बाईच्या हातातला कोयता ओट्यावर पडला. पण ती पळाली नाही की नाटकंही केली नाहीत.

"पास तिच्या नावावर हाय, सायेब. जागा दोघींची. एक दिस ती बसते, एक दिस मी. पंधरा वर्सं झाली. पालिकेचं पथक आलं का बसलेली बाय तिचं नाव सांगते. सगला बाजार असाच चालतो. हो का नाय गो?"

शेजारच्या ओट्यावरच्या बायका एकदम माशांवरच्या माश्या हाकलायला लागल्या.

ही म्हातारीची सोबतीण. सासर पेणच्या बाजूला, नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढली. कागदपत्रं सारी तिकडेच राहिली. माहेरी परत आली तेव्हा हातात एक पिशवी होती. पासच नाही तर आरोग्याचं कार्ड कुठून असणार?

मी विचारलं, "तुम्हाला शुगर आहे?"

"हाय की. दोन वर्सं."

तिने कमरेची पिशवी सोडली आणि आतून पट्टी काढली. सुनेच्या पर्समध्ये सापडली तशीच.

"कार्ड तिनंच दिलं. बोलली, पास चालतो तं कार्ड नाय चालनार? मी दवाखान्यात गेली का ती हिकडं बसायची. दवाखान्यातली पोरगी बोलायची, आकडा सांगा. मी तिला फोन करायची, ती सुनेला. सून आकडा सांगायची तिला, ती मला. कदी कदी तवर आकडा मरून जायचा. परत मागायचा." ती ओशाळून हसली.

मग मी तिला गोळ्यांचं सांगितलं. तिचे कागद म्हातारीच्या पलंगापाशी कसे पोचले, ते सांगितलं. हसू गेलं. ती पट्टीकडे बघत राहिली. गावात तिने ऐकलं होतं की सुनेने गोळ्या घातल्या, आणि तिने ते मानलंही होतं. त्या गोळ्या आपल्याच, हे तिला आत्ता कळत होतं.

"म्हंजे मी घातल्या तिला," ती म्हणाली. ओटा तसाच टाकून ती आमच्याबरोबर निघाली. मासे झाकायलाही थांबली नाही.

हॉस्पिटलमध्ये सोबतीण समोर दिसली आणि म्हातारीने चादर तोंडावर ओढून घेतली. मी चादर बाजूला केली. पेशंटशी असं वागू नये, पण त्या क्षणी मी फार चिडलो होतो.

"आजी, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. सून तुरुंगात जाणार होती उद्या. का खोटं बोललात?"

 उत्तर आलं ते ठाम.

"खरं बोलले असते तं हिला पोलिसांनी नेलं असतं. पास गेला असता. हिचं औषद बंद झालं असतं. हिला कोन हाय? सून तं घरचीच हाय. ती काय, सोसून घेल."

दारात पाणी भरलेला तांब्या घेऊन सून उभी होती. तिने शेवटचं वाक्य ऐकलं, हे आम्हा सगळ्यांना दिसलं. ती आत आली, तांब्या पलंगाशेजारी ठेवला आणि झाकण नीट बसवलं. चिडली नाही, रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं कायद्याप्रमाणे झालं. खुनाच्या प्रयत्नाचा प्रस्ताव मी मागे घेतला आणि कारणं लेखी दिली. सोबतिणीवर कार्डाच्या गैरवापराची कारवाई झाली, समज देऊन सुटली. तिचे कागद पेणहून आणायला आमचाच एक माणूस पाठवला आणि तिला तिच्या नावाचं कार्ड मिळालं. दोन्ही हॉस्पिटलनी मिळून दोन बायकांचे कागद वेगळे केले. त्यालाच दीड महिना लागला. जुळवायला एक आकडा पुरला होता, सोडवायला अकरा अर्ज लागले. नर्स आणि डॉक्टरांची चौकशी त्यांच्या वरिष्ठांकडे गेली. नणंदेने मला फोन करून विचारलं, "पण साहेब, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?" तिला काय सांगणार? तिच्या जागी नसूनही मी तेच केलं होतं.

मोबाइल परत करायला मी स्वतः गेलो. शिपायाला पाठवायची हिंमत झाली नाही. म्हातारी ऑपरेशननंतर घरी आली होती, ओटीवर खाटेवर. सून तिला मऊ भात भरवत होती. तोंड पुसलं, पाठीमागे उशी लावली, पाय हलकेच सरळ केला. मी पावतीवर तिची सही घेतली आणि म्हणालो, "ताई, माझी चूक झाली." नोकरीत आरोपीची माफी मागायची पहिलीच वेळ होती. तिने मान हलवली. ती हो होती की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

खाटेखाली डब्यात हाडाची आणि रक्त पातळ ठेवायची औषधं होती. जेवण झालं तसं म्हातारीने डब्याकडे हात केला. सून उठून आत गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली. ती आलीच नाही. पाचेक मिनिटांनी ती सोबतीण बाजारातून लगबगीने आली, पदराला हात पुसले, डबा उघडला आणि गोळी म्हातारीच्या तळहातावर ठेवली. मग म्हातारी माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन येलेला हीच येते, सायेब. सून सगलं करते माजं. आंघोल घालते, हागनं-मुतनं काढते. गोलीला तेवढी हात लावत नाय."

पोलिसाला संशय घ्यावाच लागतो, त्याशिवाय ठाणं चालत नाही. पण तो कुणावर ठेवायचा आणि किती दिवस, याचा हिशोब आम्ही कधी ठेवला नाही. ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही, त्याच्यावर तो आपोआप जाऊन बसतो. नवरा जहाजावर, आई मेलेली, सासूला ती घरचीच, म्हणून हक्काची. मशीनने दोन बायकांची एक बाई केली, त्यावर आम्ही सगळेच हसलो आणि बोललो. पण मी सुनेला दोषी करून टाकलं, ते दीड महिन्यात सुटण्यासारखं नव्हतं. निघताना मी आत डोकावलो. ती स्वयंपाकघरात उंबऱ्याशी पाठमोरी उभी होती, दोन्ही हात पदराखाली घेऊन, बाहेर गोळी गिळून होईपर्यंत.